चुडाव्याच्या पालकाने कोणती शाळा निवडावी?

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यातील एका खाजगी निवासी शाळेत मुलीचा दाखला आणि भरलेली फी परत मागावयास गेलेल्या पालकाचा मारहाणीत मृत्यू झाल्याचे वृत्त जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रभर गाजले, संस्थाचालकांवर गुन्हा दाखल झाला, आणि त्याचा निवाडा न्यायालय यथाकाल करील. एका भीषण प्रसंगावरून समस्त खाजगी शाळांची परीक्षा करणे अन्यायाचे होईल, हेही मान्य. तथापि सरकारी वा अनुदानित शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या मुलाचा दाखला मुख्याध्यापकाने तत्काळ द्यावा आणि त्यास विलंब झाला तरी नव्या शाळेने प्रवेश अडवू नये, असे शिक्षणहक्क कायद्याचे पाचवे कलम निःसंदिग्ध शब्दांत सांगत असता, पैसे मोजणारा पालकच संस्थेच्या दारी याचक व्हावा, ही गोष्ट मनातून जात नाही.

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे त्याच तालुक्यातले गाव. अशा गावातला शेतकरी जिल्हा परिषदेची फुकटची शाळा सोडून मुलांना इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवितो, तेव्हा तो केवळ टायबुटास भुलतो असे म्हणणे शहरी अहंकाराचे लक्षण होय. एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळताना, आणि उरलेल्या वेळात माहितीचे तक्ते भरताना त्याला दिसतात. त्याच गुरुजींची स्वतःची मुले बहुधा कोठे शिकतात, हेही त्याला ठाऊक असते.

परंतु त्याने मोजलेल्या पैशाच्या मोबदल्यात विद्या किती मिळते? ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी सरकारी शाळांत २३.४ टक्के, तर खाजगी शाळांत ३५.५ टक्के आढळली. खाजगी शाळेतही जवळजवळ दोन-तृतीयांश मुलांना तो उतारा वाचता येत नाही, हा तपशील मात्र प्रवेशाच्या फलकावर कोणी लिहीत नाही. शिवाय जो बाप फी भरू शकतो, त्याच्या घरी पुस्तक, शिकवणी आणि शिकलेली आई असण्याचा संभव अधिक. मग ते श्रेय शाळेचे की घराचे?

या प्रश्नाचा छडा अर्थशास्त्रज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी ज्या रीतीने लावला, ती मला फार भावते. अविभाजित आंध्र प्रदेशातील खेड्यांत त्यांनी चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खाजगी शाळेची फी दिली, काहींना दिली नाही, आणि चार वर्षांनी दोघांची परीक्षा घेतली. चिठ्ठीने निवड झाल्यामुळे घरचा प्रश्नच निकालात निघाला. तेलुगू आणि गणितात दोहोंत फरक आढळला नाही. खाजगी शाळांतली मुले हिंदीत तेवढी पुढे होती. मात्र त्या शाळांचा दर मुलामागील खर्च सरकारी शाळांच्या एक-तृतीयांशाहूनही कमी होता, आणि तेलुगू-गणितास त्या वेळही कमी देत होत्या. सरकारी शाळांच्या कैवाऱ्यांनी, आणि त्यांत मीही आलो, निष्कर्षाचा हा उत्तरार्धही मुकाट्याने वाचला पाहिजे.

मराठवाड्यात तर या वादाला एक विलक्षण पूर्वपीठिका आहे. निजामी अमलात सरकारी माध्यमिक शिक्षण उर्दूतून चाले, आणि पुढे तर खाजगी शाळा काढावयासही सरकारची पूर्वपरवानगी लागू लागली. त्याच अमलात तत्कालीन परभणी जिल्ह्यातील पुरजळ गावी जन्मलेले केशवराव कोरटकर यांनी वामनराव नाईकांसह हैदराबादेत १९०७ मध्ये विवेकवर्धिनी उभी केली, १९२१ मध्ये हिप्परग्यास राष्ट्रीय शाळा निघाली, आणि तिचे मुख्याध्यापकपद भूषविणारे स्वामी रामानंद तीर्थ अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतून पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वाकडे गेले. त्या खाजगी शाळा मातृभाषेसाठी होत्या, लोकवर्गणीवर चालत, आणि वर्गणी देणाऱ्या गावकऱ्याचे त्यांच्यावर लक्ष असे. आज खाजगी शाळेची पहिली ओळख म्हणजे मातृभाषेला फाटा! १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, गावोगाव मराठी शाळा सरकारी खर्चाने चालू झाल्या, आणि ज्या गोष्टीसाठी आजोबांच्या पिढीने हुकमांशी झुंज घेतली, ती दाराशी आल्यावर नातवंडांसाठी गाडी लावली जाते.

शिक्षणहक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत दुर्बल घटकांसाठी ठेवलेल्या २५ टक्के जागा, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास द्यावयास नकोत, अशी अधिसूचना राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलैत रद्द केली, हे उत्तमच झाले. पण त्या जागांनी मूठभर मुलांची सोय होईल. गावातल्या उरलेल्या मुलांचे काय होते, ते कायद्याच्या परिशिष्टातच पाहावे: पहिली ते पाचवीचा पट ६० पर्यंत असल्यास शिक्षक दोन, ६१ ते ९० असल्यास तीन. पटावर पासष्ट मुले असलेल्या शाळेतून सहा मुले गाडीत बसली की तिसरे पद अतिरिक्त ठरते, राहिलेले दोघे पाच वर्ग वाटून घेतात, आणि पुढल्या जूनमध्ये शाळा पाहावयास आलेला पालक एका खोलीत तीन वर्ग बसलेले पाहून गाडीवाल्याचा नंबर विचारीत घरी जातो.