सोमवारी अजिंठा बंद असतं, हे ॲपला कोण सांगणार?

समजा, नागपूरचं एक कुटुंब रविवारी रात्री ट्रॅव्हल्सनं निघालं. सोमवारी सकाळी छत्रपती संभाजीनगरला उतरलं, हॉटेलात सामान टाकलं, ॲपवरून टॅक्सी बोलावली आणि शंभरेक किलोमीटर जाऊन अजिंठ्याला पोहोचलं. तिथं कळलं की सोमवारी लेणी बंद असतात.

संध्याकाळी परत आले. म्हणाले, जाऊ दे, उद्या वेरूळ करू. पण मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात. सुट्टीचे दोन दिवस गेले, टॅक्सीचे पैसे गेले आणि पोरांनी दोन्ही दिवस फक्त रस्ता बघितला.

आता यात चूक कुणाची? हॉटेलच्या ॲपनं खोली दिली, टॅक्सीच्या ॲपनं गाडी दिली. दोघांनी आपापलं काम चोख केलं. पण "अहो, उद्या सोमवार आहे" एवढं म्हणणारं मधे कुणीच नव्हतं.

त्यामुळं या शहरात कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना ग्रुप प्रोजेक्टसाठी विषय शोधत फार लांब जावं लागत नाही. पर्यटकाला एका ठिकाणी सगळं मिळेल असं सॉफ्टवेअर बनवा, एवढं म्हटलं की विषय तयार. पण ते बनवायचं कसं? इथं एक शब्द येतो, सर्व्हिस ओरिएंटेड आर्किटेक्चर. नाव जड आहे, गोष्ट सोपी आहे.

आधी कैलास लेणं आठवा

वेरूळचं १६ नंबरचं लेणं, म्हणजे कैलास, एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं आहे. अशा एकसंध दगडाला इंग्रजीत मोनोलिथ म्हणतात. गंमत म्हणजे सॉफ्टवेअरवालेही हाच शब्द वापरतात. तिकीट, हॉटेल, गाडी, पेमेंट असं सगळं एकाच प्रोग्रॅममध्ये कोंबलं की तो झाला मोनोलिथ.

कैलास बघायला अफाट आहे. पण त्यातला एक खांब काढून तिथं दुसरा बसवता येत नाही. मोनोलिथ सॉफ्टवेअरचंही बरचसं तसंच होतं. पेमेंटमध्ये बदल करायला जावं आणि हॉटेलचं पान बंद पडावं, असे प्रकार होतात.

दुसरी पद्धत म्हणजे खिडक्यांची. प्रत्येक काम एका वेगळ्या खिडकीकडे. तिलाच म्हणायचं सर्व्हिस. प्रत्येक खिडकीवर एक पाटी असते, तुम्ही काय द्यायचं आणि बदल्यात काय मिळणार याची. उदाहरणार्थ, ठिकाण आणि तारीख द्या, चालू आहे की बंद ते सांगू. आत कारभार कसा चालतो याच्याशी बाहेरच्याला देणंघेणं नाही. पाटीवरचा करार पाळला की झालं.

हे तुम्ही रोज वापरता. २०१६ मध्ये आलेलं यूपीआय बघा. तुमचं ॲप एका कंपनीचं, दुकानदाराचा क्यूआर दुसऱ्या कंपनीचा, दोघांच्या बँका वेगळ्या. तरी चहाचे पैसे जातात, कारण निरोप कोणत्या पद्धतीनं द्यायचा हे सगळ्यांनी आधीच ठरवलंय.

संभाजीनगरला हीच पद्धत का लागते?

अजिंठ्याच्या एका दिवसाच्या सहलीत किती मालक आहेत ते मोजा. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. फर्दापूरच्या टी पॉइंटला खासगी गाडी लावायची आणि पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसनं जायचं, ती बस एसटीची. रेल्वेनं आलात तर तिकीट रेल्वेचं. मुक्काम एमटीडीसीत किंवा खासगी हॉटेलात. गाइड स्वतंत्र धंदा करणारा. वेरूळला गेलात तर शेजारच्या घृष्णेश्वराच्या दर्शनाच्या वेळा देवस्थानच्या.

यातला कुणीही आपला कारभार उचलून पोरांच्या सॉफ्टवेअरमध्ये आणून टाकणार नाही. म्हणजे हातात एकच गोष्ट उरते, प्रत्येकाच्या खिडकीवर जाऊन नीट विचारायचं आणि सगळी उत्तरं जुळवून पर्यटकापुढं ठेवायची.

पाच जणांचा ग्रुप, पाच खिडक्या

समजा, ग्रुपमध्ये पाच जण आहेत. नेहमीची वाटणी अशी होते की एकानं डेटाबेस करायचा, एकीनं स्क्रीन, एकानं रिपोर्ट टाइप करायचा आणि उरलेल्या दोघांनी प्रिंट काढून आणायच्या. त्याऐवजी एकेकानं एकेक सर्व्हिस पूर्ण घ्यायची. कॅलेंडर, मुक्काम, प्रवास, गाइड आणि पेमेंट.

मेल्विन कॉनवे नावाच्या संगणकतज्ज्ञानं १९६८ मध्ये मांडलेलं निरीक्षण इथं कामाला येतं. माणसं एकमेकांशी जशी बोलतात, तसाच त्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरचा आकार होतो. ग्रुपमध्ये अबोला असेल तर सर्व्हिसेसमध्येही तो दिसतोच.

म्हणून पहिल्या बैठकीत कोड लिहायचा नाही, करार लिहायचे. ०५/०६ म्हणजे ५ जून की ६ मे? भाडं जीएसटी धरून की सोडून? मूल म्हणजे किती वर्षांपर्यंतचं? प्रश्न पोरकट वाटतात. पण सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं जोडायला बसलं की नेमकं इथंच अडतं.

खरी परीक्षा पैसे कापल्यावर

हॉटेल बुक झालं, पैसे कापले गेले आणि मग कळलं की गाडीच उपलब्ध नाही. आता काय? सगळं एका प्रोग्रॅममध्ये असतं तर व्यवहार एकदम रद्द करता आला असता. इथं प्रत्येक खिडकीचा हिशोब वेगळा.

यावरचा उपाय जुना आहे. १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी 'सागा' नावाची पद्धत मांडली. लांब कामाचे छोटे टप्पे करायचे आणि प्रत्येक टप्प्यासोबत तो निस्तरायचा उलटा टप्पाही लिहून ठेवायचा. बुकिंगला रद्द करणं, पैसे घेण्याला परत करणं. मधे अडलं की आलो त्याच वाटेनं मागं जायचं.

दुसरी भानगड म्हणजे घाईत दोनदा दाबलेलं बटण. त्यासाठी प्रत्येक विनंतीला एक नंबर द्यायचा. तोच नंबर परत आला तर काम पुन्हा करायचं नाही, आधीचंच उत्तर द्यायचं.

तिसरी म्हणजे बंद खिडकी. गाइडची सर्व्हिस बंद पडली म्हणून मुक्कामाचं बुकिंग थांबता कामा नये. आणि डोंगरात रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळं तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवलेलं बरं.

मग मोनोलिथ वाईट का?

अजिबात नाही. वापरणारे दहा आणि बनवणारे पाच असतील, तर सगळं तोडत बसण्यात अर्थ नाही. प्रत्येक खिडकीवर जाण्यात वेळ जातो आणि चूक नेमकी कुठं झाली हे शोधणं अवघड होतं. शहाणपण यात आहे की जिथं मालक वेगळा, तिथं खिडकी वेगळी. बाकीचं एकाच प्रोग्रॅममध्ये, पण नीट कप्पे पाडून.

यात पोटापाण्याचाही प्रश्न आहे. करार बंद ठेवला तर मधला ॲपवाला ठरवेल की कोणाचं हॉटेल वर दिसणार आणि गाइडच्या कमाईतून किती कापणार. करार खुला ठेवला तर खुलताबादचा छोटा लॉजवालाही स्वतःची खिडकी जोडू शकतो. बेंगळुरूत २०२२ मध्ये सुरू झालेलं नम्मा यात्री हे रिक्षाचं ॲप अशाच खुल्या नियमांवर उभं राहिलं. तिथं प्रत्येक फेरीमागे रिक्षावाल्याचं कमिशन कापलं जात नाही.

एखाद्या ग्रुपला सुरुवात कुठून करायची हे कळत नसेल, तर सगळ्यात छोटी सर्व्हिस आधी बनवावी. ठिकाण आणि तारीख घ्यायची, चालू की बंद सांगायचं. व्हायवाला यासाठी कुणी टाळ्या वाजवणार नाही. पण नागपूरच्या त्या कुटुंबाचे दोन दिवस वाचले असते ते एवढ्याशा उत्तरानं.

आणि ते ॲप येईपर्यंत तुम्हीच लक्षात ठेवा. सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. उलटं केलंत तर दोन्ही हुकतील.