लोड नसतानाचे व्होल्टेज

ट्रान्सफॉर्मरवर छापलेले '१२ व्होल्ट' पूर्ण लोडवरचे असतात, हे दुरुस्तीच्या टेबलावर फार लवकर विसरले जाते. तीन व्हीएच्या लहान ट्रान्सफॉर्मरची तार बारीक असते आणि तिचा रेझिस्टन्स जास्त. लोड काढला की तिच्यात गळणारे व्होल्टेज परत येते, म्हणून सेकंडरी तीसेक टक्क्यांनी सहज चढते. १२ चे १५.६ झाले. त्यात रात्री शेतीपंप बंद पडून लाइन २३० ची २५३ झाली, की १७.२. ब्रिजपुढचा कपॅसिटर शिखरापर्यंत, म्हणजे १.४१४ पट भरतो. डायोडांचे सव्वा व्होल्ट वजा जाऊनही २३ उरतात. तिथे २५ व्होल्टचा कपॅसिटर बसवला असेल तर तो अगदी काठावर आहे.

जुन्या रेग्युलेटरांना हे सोसत असे. रॉबर्ट विडलर यांनी १९७० च्या आसपास नॅशनल सेमिकंडक्टरमध्ये घडवलेल्या एलएम१०९ ची इनपुट मर्यादा ३५ व्होल्ट होती, पुढे ७८०५ चीही तेवढीच. आज ३.३ व्होल्टसाठी सर्रास लागणाऱ्या एएमएस१११७ ची मर्यादा १५ आहे. शिवाय आजचे बोर्ड बहुतेक वेळ झोपलेले असतात. रिले सुटलेला, मायक्रोकंट्रोलर स्लीपमध्ये, करंट चार-पाच मिलिअँपिअर. वीज वाचवण्याच्या याच सवयीने रेग्युलेटर सर्वाधिक व्होल्टेजखाली राहतो.

अशा वेळी हीटसिंक मोठा करणे हा उपाय नाही. २० व्होल्टचा फरक आणि ५ मिलिअँपिअर म्हणजे ०.१ वॅट. चिप थंडगार असतानाच आतून फुटते. ती शॉर्ट झाली तर २३ व्होल्ट थेट मायक्रोकंट्रोलरवर जातात.

इनपुटला समांतर ब्लीडर रेझिस्टर लावणे ही व्हॉल्व्हच्या काळातली जुनी रीत. चोक-इनपुट फिल्टरमध्ये ठरावीक किमान करंट वाहिला नाही, तर व्होल्टेज आरएमएसच्या ०.९ पटीवरून १.४१४ पटीकडे चढते, म्हणून तिथे ब्लीडर हवाच. आपल्या बोर्डात मात्र एक किलोओहमचा ब्लीडर अर्ध्या वॅटच्या आसपास वीज अहोरात्र जाळतो. टीव्हीएस डायोड क्षणिक उसळीसाठी असतो, तासन्‌तास टिकणाऱ्या जादा व्होल्टेजसाठी नाही.

माझी पसंती झेनर आणि ट्रान्झिस्टरला. बीडी१३९ चा कलेक्टर कपॅसिटरला जोडा, एमिटर रेग्युलेटरच्या इनपुटला. बेसपासून ग्राउंडला १० व्होल्टचा झेनर आणि कलेक्टर-बेसमध्ये एक किलोओहम, अर्धा वॅट. रेग्युलेटरला साडेनऊच्या आतच व्होल्टेज मिळते. २३ व्होल्टला झेनरमधून १३ मिलिअँपिअर जातात, तो १३० मिलिवॅट खातो, त्यामुळे अर्ध्या वॅटचा झेनर पुरतो. उरलेला फरक ८० व्होल्ट सोसणारा ट्रान्झिस्टर अंगावर घेतो. १०० मिलिअँपिअरपर्यंतच्या बोर्डाला एवढे पुष्कळ. भाग तीन, खर्च किरकोळ.

बोर्ड ग्राहकाला देण्याआधी लोड काढून कपॅसिटरवर मीटर लावा. लाइन २३० असताना जो आकडा दिसेल त्यात दहा टक्के वाढवा, आणि मगच रेग्युलेटर निवडा.