मुक्या संगणकाचं मागीलदार

कोकणातल्या घराला पुढचं दार असतं, तसं मागीलदारही असतं. मुंबईत आलो आणि ते मागेच राहिलं. बोरिवली-मुलुंडच्या ब्लॉकला दार एकच. वाऱ्यानं लॅच लागलं आणि किल्ली आत राहिली, की किल्लीवाला येईपर्यंत जिन्यात बसायचं. दृष्टिहीन माणसाच्या संगणकाचं कधीकधी नेमकं असंच होतं.

हा माणूस संगणक वापरतो तो कानांनी आणि बोटांनी. पडद्यावरची अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवणारी प्रणाली असते, तिला स्क्रीन रीडर म्हणतात. पूर्वी विंडोजसाठी असा चांगला वाचक हवा तर बरेच पैसे मोजावे लागत. २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या दृष्टिहीन तरुणानं ‘एनव्हीडीए’ लिहायला घेतला आणि तो सगळ्यांना फुकट दिला. मोठीच सोय झाली. पण एखादं अपडेट बिघडतं, आवाजाची यंत्रणा रुसते आणि संगणक चालू असूनही मुका होतो. मग शेजारच्या मुलाला हाक मारायची. तो येतो, बिचारा दुरुस्तही करतो. पण तोवर पडद्यावरचं पत्र, डॉक्टरांचा रिपोर्ट, खात्यातली शिल्लक, सगळं त्यानं पाहिलेलं असतं.

बँकेच्या काउंटरवर मी हे वेगळ्या रूपात पाहिलं आहे. अंध खातेदाराला पासबुकातला आकडा मोठ्यानं वाचून दाखवला जाई आणि रांगेतल्या मागच्या सात जणांना तो कळे. हेतू कुणाचाच वाईट नसे. पण आपली शिल्लक आपल्यापुरती ठेवायची मुभा त्या एकट्यालाच नसे.

यावर एक उपाय म्हणजे त्याच संगणकावर दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवणं. विंडोज राहू द्यायचं आणि शेजारी लिनक्स मांडायचं. त्याला सहसा पैसे पडत नाहीत आणि त्याचं आतलं लिखाण कुणालाही वाचता-सुधारता येतं. विंडोज अडून बसलं, की संगणक बंद करून लिनक्समध्ये सुरू करायचा. तिथला ‘ओर्का’ हा वाचक बोलू लागतो. विंडोजच्या भागाला सांकेतिक कुलूप घातलेलं नसेल, तर तिथल्या फायलीही सहसा इकडून उघडतात.

या वाटेवर आपल्या उपनगरांच्याही खुणा आहेत. पुण्यात वाढलेले टी. व्ही. रामन शाळकरी वयातच दृष्टी गमावून बसले. पुढे पवईच्या आयआयटीत शिकले, अमेरिकेत गेले आणि १९९५ साली त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ आणलं. लिनक्सवर नुसत्या आवाजाच्या आधारे काम करायची ती सोय होती. रामन यांचा विचार साधा होता. कॅलेंडरच्या चौकटीवर गेल्यावर नुसतं ‘सतरा’ ऐकून काय कळणार? वार, महिना आणि वर्षासकट सांगायला हवं. डोळ्यांना एका नजरेत जे कळतं, ते कानांना एका वाक्यात कळलं पाहिजे.

पवईहून घाटकोपरमार्गे मानखुर्दला यावं. तिथल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात कृष्णकांत माने या दृष्टिहीन प्रोग्रामरनी काम केलं. मुक्त प्रणालींचा त्यांनी हिरिरीनं प्रसार केला. ‘जीएनयूखाता’ ही हिशेबाची मुक्त प्रणाली त्यांच्याच पुढाकारानं उभी राहिली. खतावणी, तेरीज, ताळेबंद यांत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला याचं विशेष वाटतं. ज्याला आकडा वाचून दाखवावा लागेल असं आपण धरून चालतो, त्यानंच डोळसांच्या हिशेबाची सोय केली!

आता अडचणही सांगायला हवी. संगणक सुरू होताच ‘विंडोज की लिनक्स?’ अशी यादी पडद्यावर येते आणि नेमकी तेव्हा बोलणारी यंत्रणा जागी झालेली नसते. युक्ती अशी : यादी आली की ‘बीप’ वाजेल अशी व्यवस्था करून ठेवायची आणि कोणती प्रणाली कितवी, हे पाठ करायचं. बीप ऐकू आली की खालच्या बाणाची कळ तितक्या वेळा दाबून एंटर! काही लॅपटॉपवर ही बीप वाजत नाही. तिथे सेकंद मोजावे लागतात. ‘डेबियन’ हा लिनक्सचा प्रकार बसवताना पहिल्या बीपनंतर ‘एस’ आणि एंटर दाबलं, की पुढच्या सगळ्या पायऱ्या तो बोलून सांगतो. उबंटूत ऑल्ट, विंडोजची कळ आणि ‘एस’ एकदम दाबली की ओर्का जागा होतो. ‘ईस्पीक’चा मराठी आवाजही आहे. थोडा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो, पण काम भागतं.

घरात कुणी दृष्टिहीन असेल, तर डोळसांनी एक रविवार द्यावा. आधी सगळ्या फायलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, मगच डिस्कचे भाग पाडावेत. यादीचा क्रम एकदा ठरवला की पुन्हा बदलू नये. आणि सगळं नीट बोलू लागलं, की खुर्चीवरून उठून खुशाल स्वयंपाकघरात चहा टाकायला जावं. आपल्यावाचून अडू नये अशी मदत करणं फार अवघड असतं. पण खरी मदत तीच.