सूक्ष्मदर्शकाची साक्ष

तालुक्याच्या इस्पितळातील अरुंद खोलीत, खिडकीलगतच्या टेबलावर जे यंत्र दिवसभर उभे असते, त्याच्या साक्षीवर रोज कित्येक माणसांच्या औषधोपचाराचा निवाडा होतो. महिनाभर खोकणाऱ्या शेतकऱ्याच्या बेडक्यात क्षयाचे जंतू आहेत की नाहीत, हुडहुडी भरून ताप आलेल्या मुलाच्या रक्तात हिवतापाचे परजीवी आहेत की नाहीत, हे प्रश्न डॉक्टर ज्याला विचारतो आणि ज्याचे उत्तर रोगी निमूटपणे शिरोधार्य मानतो, तो हा संयुक्त सूक्ष्मदर्शक. या साक्षीदाराची जबानी खरी उतरावी अशी ज्याची इच्छा असेल, त्याने त्याची घडण समजून घेतली पाहिजे, त्याला योग्य प्रकाश दिला पाहिजे आणि त्याची भिंगे निष्कलंक राखली पाहिजेत. कारण मळलेल्या भिंगातून न दिसलेला जंतू रोग्याच्या देहातून नाहीसा होत नाही, तो केवळ अहवालातून नाहीसा होतो.

हे यंत्र विश्वासास पात्र होण्यास जवळजवळ दोन शतके लागली. लंडनच्या रॉबर्ट हूकने १६६५ साली ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून बुचाच्या पातळ कापातील पेशी जगाला दाखवल्या. परंतु त्या काळच्या संयुक्त यंत्रात पदार्थांच्या कडांना इंद्रधनुष्यी किनार येई आणि प्रतिमा पुसट होई, म्हणूनच डेल्फ्टच्या लेव्हेनहूकला स्वतः घासलेल्या एकाच इवल्याशा भिंगातून अधिक स्वच्छ दिसले. हा दोष हटवण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग जोसेफ जॅक्सन लिस्टर या लंडनच्या मद्यव्यापाऱ्याने १८३० साली दाखवला. जंतुनाशक शस्त्रक्रियेचे प्रवर्तक जोसेफ लिस्टर हे त्याचेच चिरंजीव. पुढे जर्मनीतील येना या गावी, कार्ल झाइसच्या कारखान्यासाठी काम करणाऱ्या एर्न्स्ट आबे या भौतिकशास्त्रज्ञाने १८७३ साली प्रतिमेची मीमांसा मांडली आणि ऑटो शॉटने नव्या जातीच्या काचा ओतून दिल्या, तेव्हा अंदाजाने चालणारी भिंगांची कारागिरी शास्त्राच्या हुकमतीखाली आली. रॉबर्ट कॉखला १८८२ साली क्षयाचा जंतू ओळखता आला, त्यात आबेच्या कंडेन्सरचा, म्हणजे काचपट्टीवर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगांचा, आणि तेलात बुडवून वापरायच्या भिंगाचा वाटा मोठा होता.

आपल्या देशाशी या यंत्राचा ऋणानुबंध साथींच्या काळात दृढ झाला. मुंबईत १८९६ साली प्लेग उद्भवला आणि त्याच्यावरील लशीसाठी जंतुशास्त्रज्ञ हाफकिन यांनी जी प्रयोगशाळा थाटली, ती १८९९ साली परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली; तीच आजची हाफकिन संस्था. त्याच सुमारास सिकंदराबादेजवळ बेगमपेठेच्या इस्पितळातील एका अंधाऱ्या, उकाड्याच्या खोलीत रोनाल्ड रॉस डासांचे विच्छेदन करीत बसत. चिरलेले डास वाऱ्याने उडतील म्हणून ते पंखाही हलवू देत नसत. कपाळाच्या आणि हातांच्या घामाने यंत्राचे स्क्रू गंजले होते आणि शिल्लक राहिलेल्या एकमेव नेत्रभिंगाला तडा गेला होता, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. अशा यंत्रातून २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाच्या परजीवीच्या पेशी त्यांना दिसल्या. त्यांच्या चिकाटीस वंदन करावे. परंतु आपल्या हवेपुढे हे यंत्र किती असहाय असते, याचीही नोंद त्या हकिकतीतून घ्यावी.

संयुक्त सूक्ष्मदर्शकात दोन भिंगसमूह एकामागून एक काम करतात. काचपट्टीजवळचे वस्तुभिंग पदार्थाची मोठी, उलटी प्रतिमा नळीत उभी करते आणि डोळ्याजवळचे नेत्रभिंग तीच आणखी मोठी करून दाखवते. शंभरपट वस्तुभिंग आणि दहापट नेत्रभिंग मिळून हजारपट वर्धन होते. नवशिक्याला या वर्धनाचा मोह पडतो, परंतु यंत्राचे खरे सामर्थ्य पृथक्करणात, म्हणजे अगदी शेजारी असलेले दोन बिंदू वेगवेगळे दाखवण्यात आहे, आणि ते वस्तुभिंगावर वर्धनाजवळ कोरलेल्या दुसऱ्या आकड्यावरून कळते. भिंग किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते, याचे ते माप. चाळीसपट भिंगावर ते बहुधा ०.६५ आणि शंभरपट भिंगावर १.२५ असते. हवेतून पाहणाऱ्या भिंगाला हे माप १ च्या पलीकडे नेता येत नाही, म्हणून काचपट्टी आणि भिंग यांच्यामध्ये काचेइतक्याच, म्हणजे सुमारे १.५१५ वक्रीभवनांकाच्या तेलाचा थेंब सोडतात, आणि एरवी हवेत शिरताना वळून वाया जाणारे किरण भिंगात पोहोचतात. एवढे करूनही पाव मायक्रॉनहून फारसे जवळचे बिंदू वेगळे होत नाहीत. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीने घातलेली असल्यामुळे, अधिक जोरकस नेत्रभिंग लावल्यास प्रतिमा फुगते, पण नवा तपशील एकही हाती लागत नाही.

म्हणून निष्णात तंत्रज्ञ आधी प्रकाशाचा बंदोबस्त करतो. आरशाचे यंत्र असेल तर कंडेन्सरबरोबर आरशाची सपाट बाजू वापरावी, कंडेन्सर वर चढवावा, नेत्रभिंग काढून नळीत डोकवावे आणि वस्तुभिंगाच्या पाठीमागे दिसणारे वर्तुळ दोनतृतीयांश ते तीनचतुर्थांश प्रकाशाने भरेल इतका कंडेन्सरखालचा आयरिस पडदा उघडावा. उजेड डोळ्यांना खुपतो म्हणून हाच पडदा मिटवत नेण्याची सवय फार प्रयोगशाळांत आढळते; त्याने प्रतिमा ठसठशीत भासते, परंतु बारकावे नष्ट होतात. उजेड कमी करायचा तर दिवा मंद करावा. निरीक्षणाचा आरंभ कमी वर्धनाच्या भिंगाने करावा, आणि मोठे भिंग लावताना प्रथम बाजूने पाहत ते काचपट्टीच्या निकट आणून, मग नेत्रभिंगास डोळा लावून, दोहोंतील अंतर वाढवत प्रतिमा स्पष्ट करावी. तेलाच्या भिंगाचे टोक आणि काचपट्टी यांत मिलिमीटरचा पाचवा हिस्साही अंतर नसते. उलट दिशेने स्क्रू फिरवणारा हात काचपट्टी फोडतो आणि भिंगावर कायमचा ओरखडा उमटवतो. तेलाचा थेंब पडल्यावर चाळीसपट भिंग त्या काचपट्टीवरून फिरवू नये, हा नियम तर प्रत्येक शिकाऊ उमेदवाराने पहिल्याच दिवशी मुखोद्गत करावा, कारण त्या कोरड्या भिंगाला तेल माखले की सगळे दृश्य धूसर होते आणि दोष मात्र रंगद्रव्याला दिला जातो.

दृश्यात डाग दिसला तर तो कोठला, याचा छडा सहज लागतो. नेत्रभिंग जागच्या जागी फिरवून पाहावे. डाग त्याबरोबर फिरला तर तो नेत्रभिंगावरचा, काचपट्टीबरोबर सरकला तर काचपट्टीवरचा. सफाई करताना आधी रबरी फुग्याच्या वाऱ्याने आणि मऊ कुंचल्याने धूळ उडवावी, मगच लेन्स पेपरने हलकेच टिपावे. रुमालाच्या किंवा धोतराच्या सोग्याने पुसलेल्या भिंगावर धुळीचे कण ओरखडे पाडतात. काम संपताच तेल टिपून घ्यावे, आणि ते वाळून चिकटलेच असेल तर लेन्स पेपरला झायलॉलचा अगदी थोडा स्पर्श करून काढावे. हा द्रावक जास्त झाल्यास भिंगे जोडणारे सिमेंट सैल होते. वस्तुभिंग उघडून आतली भिंगे सुटी करण्याचे धाडस कोणी करू नये. यंत्र हलवताना एक हात दांड्याला आणि दुसरा बैठकीखाली असावा.

हवेप्रमाणे निगेची रीत बदलते. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात शत्रू धूळ असते. तेथे यंत्रावर आच्छादन हवे आणि भिंगांची रिकामी भोके टोपणांनी बंद हवीत. कोकणात आषाढापासून भाद्रपदापर्यंत शत्रू बुरशी असते; तिचे तंतू भिंगांच्या मधल्या फटीत पसरतात आणि त्यांच्या स्रावाने काचेचा पृष्ठभाग झिजतो, तो पुन्हा पूर्ववत होत नाही. अशा दमट हवेत प्लास्टिकचे आच्छादन ओल कोंडून घेते, म्हणून रात्री यंत्र कमी शक्तीचा दिवा जळत असलेल्या कपाटात ठेवावे, अथवा बंद पेटीत सिलिका जेल ठेवावे. त्याचे निळे दाणे ओल शोषून गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कामास योग्य करता येतात.

प्रयोगशाळांच्या आणि विद्यालयांच्या चालकांना विनंती एवढीच, की यंत्राची निगा कोणाच्या मर्जीवर सोडू नये. तिचा जिम्मा नावानिशी एका माणसाकडे द्यावा, त्याने केलेल्या सफाईची नोंदवहीत नोंद व्हावी, आणि ज्या हुकमाने यंत्राची खरेदी मंजूर होते त्याच हुकमात लेन्स पेपर, सिलिका जेल आणि रोज संध्याकाळच्या दहा मिनिटांची तजवीज व्हावी.