सरासरीत हरवलेली गल्ली

मुंबईच्या हार्बर लाइनवर चेंबूरच्या पुढचं स्टेशन गोवंडी. गाडीने काही मिनिटांचा रस्ता. पूर्वी हा सगळा एकच ‘एम’ वॉर्ड होता. पुढे महापालिकेने त्याचे एम-पूर्व आणि एम-पश्चिम असे दोन वॉर्ड केले. २०११च्या जनगणनेत पश्चिमेला सुमारे ४ लाख १२ हजार माणसं होती, तर पूर्वेला ८ लाख ८ हजार. मुंबईचा कचरा १९२७पासून पूर्वेच्या देवनारला पडू लागला. वेगवेगळ्या प्रकल्पांसाठी उठवलेली कुटुंबंही मानखुर्दच्या इमारतींत आणून वसवली. २००९च्या मुंबई मानव विकास अहवालात एम-पूर्व सर्वांत खाली होता.

पण एम-पूर्व तरी सगळा सारखा कुठे आहे? अणुशक्तीनगरची झाडांची, स्वतःच्या दवाखान्याची वसाहत याच वॉर्डात आहे, आणि शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगरच्या दाट गल्ल्याही. दोघांची मिळून सरासरी काढली की गल्लीचं दुखणं झाकलं जातं.

समजा, एका भागात १०० मुलं आहेत. ९० जणांना गोवराची लस मिळाली. कागदावर काम चांगलं दिसतं. पण राहिलेली १० मुलं एकाच गल्लीतली असतील तर? गोवर तिथेच शिरतो. हा आजार हवेतून पसरतो. त्याला रोखायला १००पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात, आणि तेही प्रत्येक गल्लीत. २०२२च्या ऑक्टोबरात मुंबईतली गोवराची साथ गोवंडीतच आधी दिसली. लेकरं दगावली. लस नव्हती असं नाही. ती सगळ्या दारांपर्यंत पोचली नव्हती. त्यात दाटीची घरं आणि कुपोषण.

सोनाळ्याकडून कामासाठी शहरात गेलेली आपली माणसंही अशाच वस्त्यांत खोली घेतात. गावाच्या यादीतून नाव सुटतं, शहराच्या यादीत चढत नाही. म्हणून एवढं करा :

• गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. राहिला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. लगेच द्या.

• गाव सोडताना बाळाचं लसीकरण कार्ड सोबत न्या. सरकारी केंद्रात लस मोफत असते, गाव कुठलंही असो.

• आपल्या गल्लीची आशाताई कोण, ते विचारा. शहरी वस्तीत १ हजार ते अडीच हजार लोकांमागे एक आशा असावी असा नियम आहे. नसेल तर लेखी अर्ज द्या, पोच घ्या.

• विहारातल्या महिला मंडळाने वहीत गल्लीवार यादी करावी : पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाया, टीबीचा औषधोपचार सुरू असलेले. आजाऱ्यांची नावं चारचौघांत वाचू नका.

साहेब म्हणतील, ‘तुमच्या भागाचं काम ९० टक्के आहे.’ तेव्हा वही उघडा आणि विचारा, ‘राहिलेले दहा कोणत्या गल्लीतले?’

जय भीम.