बालकांच्या शस्त्रक्रिया : लेखांक पाचवा – निमूटपणाची परीक्षा

जन्मजात हृदयदोषावरील शस्त्रक्रियेत छातीचे हाड मध्यभागी विभागून, हृदयाचे काम काही काळ यंत्राकडे सोपवून, दोषाचे निवारण कसे केले जाते याचे विवेचन मागील लेखांकात आले. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडल्याचे वर्तमान हाती येताच आप्तेष्टांचा जीव भांड्यात पडतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु त्यानंतरचे काही दिवस परिचारिका आणि माता यांच्या निरीक्षणशक्तीची कसोटी पाहणारे असतात, आणि या निरीक्षणात सर्वांत अधिक फसगत होते ती बालकाच्या निमूटपणामुळे.

अतिदक्षता विभागातील प्रारंभीच्या प्रहरांत बालक औषधांच्या अंमलाखाली असल्यामुळे त्याची हकिकत त्याच्या शरीराकडूनच काढून घ्यावी लागते. लघवीचे माप हे त्याचे उत्तम उदाहरण होय. शरीराच्या दर किलो वजनामागे तासाला सुमारे १ मिलिलीटर, म्हणजे १० किलो वजनाच्या मुलाची जेमतेम दोन लहान चमचे, एवढी लघवी होत राहिली तर हृदय मूत्रपिंडांपर्यंत पुरेसे रक्त पोहोचवीत आहे, असा भरवसा बाळगता येतो. पुढे श्वासनलिकेतील नळी निघते, तेव्हा मूल खोकला दाबून, छाती न हलविता पडून राहिले, तर त्यास विश्रांती समजणे घातक ठरते. कारण उथळ श्वासामुळे फुप्फुसांत कफ साचून ज्वराचे निमित्त होते. म्हणूनच साबणाचे बुडबुडे फुंकविणे, पिपाणी वाजवायला लावणे, हे वरकरणी खेळ वाटणारे उपाय उपचारांतच गणले जातात. मात्र वेदनेचे शमन झाल्याखेरीज ते करण्यास कोणतेही मूल राजी होत नाही.

या वेदनेविषयीच वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ उदासीनता दाखविली. नवजात अर्भकाची मज्जासंस्था अपरिपक्व असल्यामुळे त्यास वेदनेची जाणीव बेताचीच, आणि तीव्र औषधे मात्र त्यास सोसणार नाहीत, अशा समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत अनेक अर्भकांवर अत्यल्प भूल देऊन शस्त्रक्रिया होत. स्नायू शिथिल करणाऱ्या औषधाने देह निश्चल झालेला असल्यामुळे तक्रार करणारे कोणी नसे. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीतसिंग आनंद यांनी सहकाऱ्यांसह १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फेंटॅनिल हे प्रभावी वेदनाशामक मिळालेल्या अकालजात अर्भकांच्या शरीरात ताणाची संप्रेरके कमी उसळतात आणि शस्त्रक्रियेनंतरचे उपद्रवही कमी होतात, असे दाखवून दिले. वेदनाशमन ही केवळ भूतदया नसून प्रकृती सुधारण्याची अट आहे, हे त्यामुळे मान्य करावे लागले.

शरीराच्या निमूटपणाची जी कथा, तीच मनाचीही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमधील अनेक रुग्णालयांचा शिरस्ता असा, की आईबापांना भेटीची मुभा आठवड्यातून मोजकाच वेळ मिळावी, कारण ते आले की मुले रडतात. नाही आले तर दोनचार दिवसांत ‘रुळतात’. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या एका लहान मुलीचा चित्रपट सिद्ध करून या रुळण्याचा खरा अर्थ उघड केला: प्रथम आक्रोश, मग हताशपणा आणि विरह लांबल्यास शेवटी आईविषयीची अलिप्तता, अशा त्याच्या पायऱ्या त्यांनी मांडल्या. वैद्यकीय वर्तुळात प्रारंभी त्यांच्यावर रोष ओढवला. तथापि सर हॅरी प्लॅट यांच्या समितीने १९५९ च्या अहवालात भेटीवरील निर्बंध उठवावेत आणि लहान मुलांच्या मातांना सोबत राहू देण्याची तजवीज करावी, अशी शिफारस केली. तिची अंमलबजावणी होण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

आज न बोलणाऱ्या मुलाची वेदना मोजण्यासाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत पटणे या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण देण्याची जी पद्धत रूढ आहे, तिच्यातील अखेरची बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. कारण कोणाच्या स्पर्शाने, कोणाच्या शब्दाने मुलाची समजूत पटते, हे जाणणारी व्यक्ती बहुधा त्याची आईच असते. सबब, नेहमी चळवळ करणारे मूल गप्प पडून असेल, पाय आखडून धरीत असेल, हाक मारली तरी मान फिरवीत असेल, तर “शहाणे बाळ” म्हणून त्याची प्रशंसा करण्यापूर्वी परिचारिकेस इत्तला द्यावी. तसेच विभागलेले हाड सांधेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, मुलास बगलेत हात घालून उचलू नये. एक हात मानेपाठीमागे व दुसरा बुडाखाली देऊन उचलावे.

घरी परतल्यावर हेच मूल रात्री दचकून उठू लागते, सुटलेली सवय पुन्हा जडून अंथरूण ओले करते, आईचा पदर सोडीत नाही. या गोष्टींना हट्ट समजून शिक्षा करणारे पालक थोडे नाहीत. त्यांचा विचार पुढील लेखांकात करू.