तुरा, रंग आणि अंड्यांचा हिशेब

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं चार आहेत: पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर. म्हणजे सुधारित जातीच्या पिल्लांचं छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याला नावीन्य नाही. तरीही पैठणपासून सोयगावपर्यंत परसात कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही विचारा, निवडीचे निकष ठरलेले: तुरा लालभडक हवा, रंग तांबडा हवा, अंडं तपकिरी हवं. घोळ इथेच आहे. तुरा आणि रंग डोळ्यांना दिसतात, आणि ते ठरतात मोजक्या जनुकांवर. अंडी देण्याची कुवत अंगावर लिहिलेली नसते. तिच्यामागे असंख्य जनुकं असतात आणि त्यांच्यापेक्षा मोठा वाटा खाद्याचा, उजेडाचा नि उन्हाचा असतो.

‘तुरा मोठा आणि लाल, म्हणजे अंडी जास्त’

हे अर्धंच खरं. तलंग अंड्यावर यायला लागली की संप्रेरकांमुळे तुरा वाढतो, लाल होतो, हाताला गरम आणि मऊ लागतो. कोंबडी खुडूक बसली किंवा पिसं गाळायला लागली की तोच तुरा आक्रसतो, फिकटतो. म्हणजे तुरा फक्त आजची बातमी देतो. वर्षाकाठी ती साठ अंडी देणार की दीडशे, हे त्यावरून कळत नाही. बाजारात कोंबडी पारखताना तुऱ्याबरोबर तिच्या मागच्या बाजूच्या दोन टोकदार हाडांमध्ये बोटं घालून बघावीत. अंड्यावर असलेल्या कोंबडीत तिथे दोन-तीन बोटं सहज मावतात, नसलेल्या कोंबडीत एकही नीट मावत नाही. पण हाही पुरावा आजचाच.

तुऱ्याच्या आकाराचा अंड्यांच्या हिशेबाशी तर संबंधच नाही. त्याचं महत्त्व वेगळं आहे. मेंडेलचे वाटाण्यावरचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात, हे इंग्लंडच्या विल्यम बेटसन यांनी 1902 मध्ये दाखवलं ते कोंबड्यांच्या तुऱ्यावरूनच. आपल्या गावरान कोंबडीचा करवती दात्यांचा एकेरी तुरा सगळ्यांच्या ओळखीचा. असीलचा तुरा बुटका, तीन रांगांचा. त्याला वाटाणा तुरा म्हणतात. चपटा, खडबडीत आणि मागे टोक असलेला तो गुलाब तुरा. शुद्ध गुलाब आणि शुद्ध वाटाणा यांचा संकर केला तर पिल्लांना दोन्हींपैकी एकही मिळत नाही, अक्रोडाच्या गरासारखा तिसराच तुरा येतो. या अक्रोडवाल्यांची आपसात पैदास केली, की पुढच्या पिढीत सरासरी सोळांपैकी नऊ अक्रोड, तीन गुलाब, तीन वाटाणा आणि एक चक्क एकेरी निघतो. आईबाप दोघेही अक्रोड तुऱ्याचे आणि पिल्लू एकेरी दिसलं, की गावात शेजारच्या कोंबड्यावर संशय घेतात. तो बिचारा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

गुलाब तुऱ्याची एक गंमत सांगायलाच हवी. या जनुकाच्या दोन्ही प्रती घेऊन आलेल्या कोंबड्याच्या शुक्रजंतूंची हालचाल मंदावते आणि फलनात तो मागे पडतो. एकच प्रत असलेला कोंबडा त्याच्यावर सहज मात करतो. त्यामुळे गुलाब तुऱ्याच्या जातींमधून एकेरी तुरा शे-सव्वाशे वर्षं निवड करूनही हद्दपार झालेला नाही.

‘तपकिरी अंडं गावरान, पांढरं फार्मचं’

कवचाचा रंग जातीवर ठरतो, कोंबडी परसात हिंडते की पिंजऱ्यात राहते यावर नाही. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसासाठी तयार केलेली ग्रामप्रिया तपकिरी अंडी देते, आणि हजारो पक्ष्यांच्या शेडमधले काही व्यावसायिक संकरही तपकिरीच देतात. अस्सल गावरानची अंडी मळकट पांढऱ्यापासून फिकट तपकिरीपर्यंत कशीही असतात. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून गावरान म्हणून विकणारेही सापडले आहेत.

एक तपकिरी अंडं फोडून कवचाच्या आतली पातळ त्वचा सोलून बघा. आतून कवच पांढरंच दिसेल. अंडं तयार व्हायला साधारण 24 ते 26 तास लागतात, त्यातले वीसेक तास कवच चढण्यात जातात, आणि तपकिरी रंगाचा हात फिरतो तो अगदी शेवटी. पोषणात या रंगाने फरक पडत नाही. पिवळ्या बलकाचं गणित निराळं. हिरवा पाला, मका, झेंडू पोटात गेला की बलक गडद होतो. गावरान अंड्याचा तो केशरी बलक जातीचा नसून चरण्याचा आहे. शेडमधल्या कोंबडीच्या खाद्यात तेच घातलं की तिचाही होतो.

‘कडकनाथ काळा, म्हणून त्याची अंडीही काळी आणि पिल्लंही काळी’

झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्यानंतर आपल्याकडे या पक्ष्याभोवती नुसता धुरळा उडाला. 2019 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूरहून उघड झालेल्या कंत्राटी कडकनाथ प्रकरणात राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. कडकनाथची अंडी काळी नसतात, फिकट मलई ते हलक्या तपकिरी रंगाची असतात. अंड्यांच्या संख्येत तर कडकनाथ गावरानच्या फार पुढे नाही.

कातडी, मांस, हाडांपर्यंत उतरणारा काळा रंग मात्र खरा आहे आणि तो प्रभावी जनुकाचा आहे. पण कोंबड्यांमध्ये या काळेपणाला आवर घालणारं दुसरं एक जनुक असतं, आणि ते लिंगगुणसूत्रावर बसतं. पांढऱ्या-पिवळ्या पायांच्या पक्ष्यांत ते सापडतं. कडकनाथ कोंबडा आणि तशी पांढऱ्या पायांची गावरान कोंबडी ही जोडी लावली, तर माद्या गडद काळ्या निघतात आणि नर फिकट. जोडी उलटी केली, म्हणजे कोंबडी कडकनाथ आणि कोंबडा पांढऱ्या पायांचा, तर नर-मादी सगळीच फिकट पडतात. मग पिल्लं विकणाऱ्याने फसवलं अशी बोंब होते. कधीकधी खरंच फसवलेलं असतं, पण या जोडीत दोष त्याचा नसतो.

याच लिंगगुणसूत्राचा व्यवहारी फायदाही आहे. पट्टेदार प्लायमाउथ रॉक कोंबडीला काळा किंवा तांबडा, पट्टे नसलेला कोंबडा दिला, की नर पिल्लांच्या डोक्यावर पांढरट ठिपका येतो आणि माद्या बिनठिपक्याच्या राहतात. पहिल्याच दिवशी नर-मादी वेगळे. पिल्लांच्या रंगावरून लिंग ओळखायची ही युक्ती बेटसन यांचे सहकारी पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सुचवली होती. टोकदार अंड्यातून नर आणि गोल अंड्यातून मादी, या गावठी ठोकताळ्याला मात्र काहीही आधार नाही. लिंग ठरवते कोंबडी, आणि तेही कवच चढण्याच्या कितीतरी आधी.

‘कोंबडा कोणताही चालतो’

नुसती खायची अंडी हवी असतील तर कोंबडा नसला तरी चालतं. कोंबडी त्याच्याविना तितकीच अंडी देते, फक्त ती उबत नाहीत. पण पैदास करायची असेल तर मुलींची निम्मी अंडी बापाकडून येतात, हे लक्षात ठेवायला हवं. कोंबडा स्वतः अंडं देत नाही, म्हणून त्याची परीक्षा त्याच्या आईच्या आणि बहिणींच्या अंड्यांवरून घ्यावी लागते.

आपल्याकडे नेमकं उलटं होतं. आखाड आला की खुराड्यातला सगळ्यात जोमदार, लवकर वाढलेला कोंबडा आधी भांड्यात जातो. जत्रेला, नवसालाही तोच. मागे राहतो तो किरकोळ, आणि पुढच्या वर्षाची पिल्लं त्याची. पिढ्यान्‌पिढ्या ही उलटी निवड चालल्यावर गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंड्यांवर अडते, यात नवल काय?

वनराजा, गिरिराजा यांच्या पिल्लांबद्दलही असाच भ्रम आहे. हे संकरित पक्षी आहेत. त्यांची अंडी उबवून घरची पैदास केली, तर पुढच्या पिढीत रंग, वजन, अंडी सगळं विस्कटतं. शिवाय सुधारित जातींमध्ये खुडूक बसण्याची वृत्तीच कमी केलेली असते, कारण खुडूक कोंबडी अंडी थांबवते. म्हणून जाणते लोक वनराजाची अंडी गावरान कोंबडीखाली बसवतात. गावरानचा तो ‘दोष’ 21 दिवस कामी येतो. रोगाला मात्र गावरान पुरून उरते, हे म्हणणं राणीखेत मरीत एका आठवड्यात खुराडं रिकामं झालेल्या घरी जाऊन बोलून दाखवावं. लस तिलाही लागते.

घरच्या घरी निवड करायची तर खर्च फारसा नाही. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाची कडी, आणि कोण कधी अंडं देते याची वहीत नोंद. हिवाळ्यात आपल्याकडे दिवस अकरा तासांचा होतो आणि अंडी घटतात. अंड्यांसाठी 14 ते 16 तास उजेड लागतो. त्यामुळे एका कोंबडीची जूनमधली नोंद दुसरीच्या डिसेंबरशी ताडून उपयोग नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेला की मानेवर पिसं नसलेली कोंबडी तग धरते. ती दिसायला ओबडधोबड म्हणून पहिली विकली जाते, हे आपलं दुर्दैव. तिचं जनुक अंगावरची पिसं कमी करतं आणि उष्णता बाहेर टाकायला मदत करतं.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे, आणि रक्त फार जवळचं होऊ नये म्हणून तो वर्ष-दीड वर्षाने बदलावा. फक्त नवा कोंबडा सोडल्याबरोबर अंडी बसवायची घाई नको. जुन्याचे शुक्रजंतू कोंबडीच्या पोटात दोन-तीन आठवडे जिवंत राहतात. तोवरची अंडी खायला ठेवावीत किंवा विकावीत. उबवायची ती त्यानंतरची, सात दिवसांच्या आतली, टोकदार बाजू खाली ठेवून साठवलेली.